दिव्यांगांसाठी सवलती, शासकीय भरती परीक्षांतील

शासकीय व निमशासकीय सेवांतील पदे भरताना शारीरिक, संवेदनिक अथवा मानसिक न्यूनतेमुळे इतर उमेदवारांच्या तुलनेने प्रतिकूल स्थितीत असणाऱ्या व्यक्तींसाठी कायद्याने व प्रशासकीय आदेशांनी केलेल्या विशेष तरतुदी. या तरतुदींचे दोन भाग पडतात. पहिला भाग लाभांचा असून त्यात राखीव पदे, वयोमर्यादेतील शिथिलता, परीक्षाशुल्कातील सूट व वाढीव संधी यांचा समावेश होतो. दुसरा भाग सोयींचा असून त्यात लेखनिक, भरपाईचा वेळ, ब्रेल वा मोठ्या टंकातील प्रश्नपत्रिका, सुगम परीक्षाकेंद्र इत्यादी येतात. हे दोन भाग तत्त्वतः भिन्न आहेत. राखीव पद हे समाजाने दिलेले प्रतिनिधित्व आहे; सोय ही मात्र उमेदवाराचे ज्ञान अचूकपणे मोजले जावे, यासाठी परीक्षापद्धतीत केलेली दुरुस्ती आहे. हा भेद लक्षात न घेतल्याने प्रशासनात व न्यायालयांत पुष्कळ काळ गोंधळ होत राहिला.

पूर्वी सार्वत्रिक असलेली ‘अपंग’ ही संज्ञा मागे पडून महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात आता ‘दिव्यांग’ ही संज्ञा रूढ झाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सु. २ कोटी ६८ लाख (लोकसंख्येच्या २·२१ टक्के) व महाराष्ट्रात सु. २९ लाख ६३ हजार व्यक्ती दिव्यांग होत्या.

ऐतिहासिक आढावा : केंद्र सरकारने १९७७ मध्ये गट क व गट ड यांतील पदांत अंध, कर्णबधिर व अस्थिव्यंग यांना प्रत्येकी १ टक्का याप्रमाणे एकूण ३ टक्के पदे राखून ठेवली. वरिष्ठ पदांचे दार मात्र बंदच होते. भारतीय नागरी सेवा परीक्षेत अंध उमेदवारांना ब्रेल लिपीत अथवा लेखनिकाच्या साह्याने उत्तरे लिहिता यावीत, अशी मागणी राष्ट्रीय अंध महासंघाने केली व तीवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये अनुकूल निर्णय दिला. अंधांसाठी योग्य म्हणून निश्चित झालेल्या गट अ व ब मधील पदांपुरताच हा निर्णय असला, तरी परीक्षेतील सोय हा हक्काचा विषय होऊ शकतो, हे त्याने प्रथमच स्पष्ट केले.

१९९५ चा अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अंमलात आला व ३ टक्के आरक्षणास वैधानिक आधार मिळाला. त्याचे तीन वाटे अंध वा अल्पदृष्टी, श्रवणदोष आणि चलनवलनविषयक अपंगत्व वा मेंदूचा पक्षाघात यांना मिळाले. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याला अनुसरून करण्यात आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला असून आजची व्यवस्था त्यावर उभी आहे. त्याने मान्य केलेल्या दिव्यांगत्वाच्या प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली.

आरक्षण : ज्या व्यक्तीचे विनिर्दिष्ट दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी नाही, ती ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेली व्यक्ती होय व तिलाच आरक्षणाचा लाभ मिळतो. अधिनियमाच्या कलम ३४ नुसार प्रत्येक गटातील संवर्गसंख्येमधील एकूण रिक्त पदांपैकी किमान ४ टक्के पदे राखून ठेवावी लागतात. त्यांची विभागणी अशी : (अ) अंध व अल्पदृष्टी, १ टक्का; (आ) कर्णबधिर व ऐकू कमी येणारे, १ टक्का; (इ) मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, आम्लहल्लाग्रस्त व स्नायुविकृती यांसह चलनवलनविषयक दिव्यांगत्व, १ टक्का; (ई) स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार आणि (उ) बहुविकलांगता, या दोहोंना मिळून १ टक्का.

कुष्ठरोगमुक्तांचे उदाहरण या बदलाचे महत्त्व दाखविते. पनवेल तालुक्यातील नेरे येथील शांतिवन ही कुष्ठरोग निवारण समितीची वसाहत महाराष्ट्रात सुपरिचित आहे. १९९५ च्या अधिनियमात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती अपंगत्वाच्या व्याख्येत होती; परंतु आरक्षणाच्या तीन वाट्यांत तिचा नामनिर्देश नव्हता. बोटे झडलेल्या वा हात वाकडे झालेल्या, पण पूर्ण बरे झालेल्या माणसाला राखीव पदाच्या वाट्यात नावाने स्थान मिळाले ते २०१६ च्या अधिनियमाने.

टक्केवारी कशावर मोजावयाची, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. अनेक कार्यालये दिव्यांगांसाठी योग्य ठरविलेल्या पदांवरच आरक्षण मोजत. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संवर्गातील एकूण रिक्त पदांवर मोजावे, असा निर्णय दिला. याचा अर्थ स्थानिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पनवेल नगरपरिषदेचे (स्था. १८५२) १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिकेत रूपांतर झाले व २०२३ मध्ये तिने ३७७ पदांची सरळसेवा भरती जाहीर केली. स्थानिक प्राधिकरणही अधिनियमाच्या अर्थाने शासकीय आस्थापनाच असते. गट व संवर्ग यांचा तपशील बाजूला ठेवून केवळ गणित पाहिल्यास ३७७ चे ४ टक्के म्हणजे १५ पदे होतात. यांपैकी १०० पदेच दिव्यांगांसाठी योग्य आहेत असे गृहीत धरून जुन्या रीतीने ३ टक्के मोजले असते, तर ही संख्या ३ वर आली असती. मोजण्याच्या रीतीतील फरक हा अशा प्रकारे प्रत्यक्ष नोकऱ्यांतील फरक असतो.

कोणत्या पदावर कोणत्या प्रकारची दिव्यांग व्यक्ती काम करू शकते, याची यादी तज्ञसमितीमार्फत केली जाते. केंद्राने ४ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध केलेल्या यादीत ३,५६६ पदनामे आहेत. केंद्रीय आस्थापनांत प्रत्येक गटासाठी १०० बिंदूंची नामावली ठेवतात. तिचे २५ बिंदूंचे चार खंड असून प्रत्येक खंडातील एक पद राखीव असते. योग्य उमेदवार न मिळाल्यास पद पुढील भरतीवर्षात ओढले जाते. तेव्हाही न मिळाल्यास पाच प्रवर्गांत अदलाबदल करता येते व त्यानंतरच ते इतरांस देता येते.

हे आरक्षण समांतर (आडवे) असते. निवडलेला उमेदवार ज्या सामाजिक प्रवर्गातील असेल, त्याच प्रवर्गाच्या जागेवर तो गणला जातो. महाराष्ट्रात २९ मे २०१९ च्या शासननिर्णयाने राज्यसेवांत ४ टक्के आरक्षणाची कार्यपद्धती ठरविली. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला.

वय, शुल्क व संधी : केंद्रीय सेवांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांना वयोमर्यादेत सर्वसाधारणपणे १० वर्षांची शिथिलता असून इतर मागासवर्गीयांना ती १३, तर अनुसूचित जातिजमातींना १५ वर्षांपर्यंत मिळते. संघ लोकसेवा आयोग व कर्मचारी निवड आयोग त्यांच्याकडून परीक्षाशुल्क घेत नाहीत. नागरी सेवा परीक्षेस खुल्या व इतर मागास प्रवर्गांतील दिव्यांगांना ९ संधी मिळतात. महाराष्ट्रात सरळसेवेसाठी दिव्यांगांची कमाल वयोमर्यादा ४५ वर्षे आहे. शुल्काविषयीचे नियम त्या त्या जाहिरातीत दिलेले असतात.

परीक्षेतील सोयी : ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही वा हाताने लिहिता येत नाही, त्याची परीक्षा लेखणीच्या वेगावर घेतली, तर ती ज्ञानाची परीक्षा राहत नाही. म्हणून लेखनिकाची योजना आहे. लेखनिक उत्तरे सुचवीत नाही. तो प्रश्न वाचून दाखवितो व सांगितलेले उत्तर लिहितो. २९ ऑगस्ट २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अंध, दोन्ही हात बाधित असलेले व मेंदूचा पक्षाघात झालेले यांना मागणी करताच लेखनिक देण्याचे आणि इतरांस जिल्हा शल्यचिकित्सक वा तत्सम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर देण्याचे ठरविले. उमेदवाराने आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा, अशी अट होती. या अटीमागे गैरप्रकार टाळण्याचा हेतू आहे. परंतु गणित, लेखाशास्त्र वा तांत्रिक विषयांत चिन्हे न समजणारा लेखनिक मिळाल्यास उमेदवाराचेच नुकसान होते. ऑगस्ट २०२५ मधील नव्या तत्त्वांत परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच प्रशिक्षित लेखनिकांचा संच तयार ठेवण्यावर भर आहे.

भरपाईचा वेळ प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे असतो. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस तो एक तास होतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोग यास ‘अनुग्रह कालावधी’ म्हणतो व लेखनिकाप्रमाणेच त्यासाठीही पूर्वपरवानगी आवश्यक मानतो. अर्ज भरतानाच ही मागणी नोंदविणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. संगणकीय परीक्षांत अक्षरे मोठी करून दाखविण्याची सोय असते. कर्मचारी निवड आयोगाच्या काही परीक्षांत दृष्टिबाधितांना नकाशे व आकृत्यांवरील प्रश्न दिले जात नाहीत.

४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. ती सोयींनाही लावावी काय, हा प्रश्न विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात उपस्थित झाला. लेखनवाताने त्रस्त उमेदवारास लेखनिक नाकारला गेला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने वाजवी सोय हा प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा हक्क असल्याचे सांगून ही अट सोयींच्या बाबतीत अमान्य केली. १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांसाठी तत्त्वे काढली व ३ फेब्रुवारी २०२५ च्या निर्णयाने या भूमिकेस पुष्टी मिळाली.

प्रमाणपत्र व पडताळणी : सर्व लाभांचे मूळ दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र हे आहे. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ओळखपत्राचा रंग ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळा व ८० टक्के आणि त्यापुढे निळा असतो. रायगड जिल्ह्याचे सामान्य रुग्णालय अलिबागला असल्याने पनवेलच्या उमेदवारास तेथे जाण्याची वेळ आल्यास पेण-वडखळमार्गे प्रवास करावा लागतो. चाकांच्या खुर्चीवरील माणसाला हा परीक्षेपूर्वीचाच एक अडथळा असतो. खोट्या प्रमाणपत्राने लाभ घेणाऱ्यास अधिनियमाच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गैरप्रकाराचा भार अखेर खऱ्या दिव्यांगावर पडतो. त्याला प्रत्येक टप्प्यावर आपले व्यंग पुनःपुन्हा सिद्ध करावे लागते.

मूल्यमापन : परीक्षेत यश मिळाल्यावरही अडचण संपतेच असे नाही. उल्हासनगर (जि. ठाणे) येथील पूर्णतः दृष्टिहीन असलेल्या प्रांजल पाटील यांनी २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळविला, परंतु पूर्ण अंधत्वामुळे त्यांना रेल्वे लेखा सेवेत नियुक्ती मिळाली नाही. पुढील वर्षीच्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासन सेवेत आल्या व ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुअनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. आधी एका सेवेने अपात्र मानलेली व्यक्ती त्याहून व्यापक जबाबदारीचे पद सांभाळते, यावरून पदांच्या योग्यतेविषयीच्या याद्या किती रूढ समजुतींवर आधारलेल्या असतात, हे दिसून येते. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतील भरतीपासून केवळ अंधत्वामुळे वगळता येणार नाही, असे ठरविले.

अर्धशतकाच्या या वाटचालीत कायदा दयेकडून हक्काकडे आला आहे. राखीव जागांची टक्केवारी व परीक्षेतील मिनिटे मोजता येतात. तळमजल्यावरील खोली, विषय जाणणारा लेखनिक व वेळेवर मिळणारे प्रमाणपत्र या गोष्टी मात्र प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक परीक्षेच्या दिवशी नव्याने पुरवाव्या लागतात. त्या पुरविल्या गेल्या, तरच हक्काला अर्थ प्राप्त होतो.