हिमप्रदेशातील पाणवठा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात हिवाळी रात्री पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा दिवसाला शंभर लिटर पाणी पिणाऱ्या दुभत्या गाईपुढे गोठलेले टाके असावे, याहून मोठी दैना नाही. विजेविना चालणारे टाके भूगर्भातील उष्णतेवर विसंबते: जमीन जेथवर गोठते त्याच्याही खालून आणलेला नळ रुंद, उभ्या नळकांड्यातून वर घेऊन टाक्याचे तोंड तरंगत्या चेंडूने झाकण्याची तजवीज केलेली असते, तहानलेली गाय नाकाने चेंडू दाबते, पाणी पिते, आणि चेंडू आपसूक जागेवर येतो. मात्र गुरे मोजकीच असली तर खालचे उबदार पाणी पुरेसे वर येत नाही व टाके गोठते; म्हणून खरेदीपूर्वी कळपाची खानेसुमारी करावी आणि जनावरे थोडी असल्यास विजेवर तापणारे टाकेच घ्यावे.