गुळगुळीतपणाची मर्यादा

ज्यांच्या घरी अद्याप पाटा-वरवंटा वापरात आहे, त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. वर्षानुवर्षे वाटण वाटून पाटा गुळगुळीत झाला, म्हणजे त्यावर खोबरे वाटले जात नाही. ते नुसते इकडून तिकडे सरकते. मग पाट्याला टाकी लावून घ्यावी लागते. छिन्नीच्या बारीक घावांनी तो पुन्हा खरबरीत होतो आणि पुन्हा कामाला येतो. याच्या उलट, जेवणाचे ताट खरबरीत असून मुळीच चालत नाही. तात्पर्य, कोणता पृष्ठभाग किती गुळगुळीत असावा, हे त्याला जे काम करावयाचे असते त्यावरून ठरते.

हे आठवण्याचे कारण असे की, दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, परदेशांतील हौशी लोक रोटरी इंजिनाची द्वारे कोरून मोठी करतात. कोणी ती आतून आरशासारखी चकचकीत करतात, तर कोणी मुद्दाम खरबरीत ठेवतात. यांत बरोबर कोण?" मी कलाशाखेचा पदवीधर, उत्तर तत्काळ देता आले नाही. पुढे वाचून व विचार करून जे उमगले, ते येथे सांगतो.

प्रथम इंजिनाची ओळख करून घेऊ. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या खालीवर होतो. जर्मन संशोधक फेलिक्स वान्केल यांच्या कल्पनेतील इंजिनात मात्र फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर, मध्यावर किंचित आवळलेल्या लंबवर्तुळासारख्या कवचात फिरतो. असे पहिले इंजिन एन.एस.यू. या जर्मन कंपनीत १९५७ साली चालले. रोटरची तीन टोके कवचाच्या भिंतीस सतत लागून असतात, त्यामुळे तीन कप्पे निर्माण होतात. प्रत्येक कप्पा फिरता फिरता लहानमोठा होतो, आणि ओढणे, दाबणे, पेटणे व बाहेर टाकणे ही चारही कामे त्यातच क्रमाने घडतात. रोटरचा एक फेरा होईतो मुख्य दांडा तीन फेरे घेतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. या इंजिनाला झडपा नाहीत. हवा व इंधन आत येण्याचे आगमद्वार आणि जळका वायू बाहेर जाण्याचे निर्गमद्वार ही केवळ भिंतीतील भोके आहेत. फिरता रोटरच ती उघडतो आणि झाकतो. म्हणून द्वार मोठे केले की दोन गोष्टी एकदम बदलतात. एक तर वाट रुंद होते; शिवाय द्वार उघडण्याची व मिटण्याची वेळही बदलते. झडपांच्या इंजिनात ही वेळ कॅम ठरवतो. येथे ती द्वाराची कडच ठरवते. कड एका अंगाने कोरली तर द्वार लवकर उघडते, दुसऱ्या अंगाने कोरली तर उशिरा मिटते. उशिरा मिटणारे द्वार भरधाव वेगात अधिक हवा आत घेते, परंतु मंद वेगात तीच हवा मागे ढकलली जाते आणि इंजिन अडखळू लागते. लाभ आणि हानी अशी एकाच कडेवर बसलेली असतात.

या कामात धोकेही पुष्कळ. रोटरच्या कडांना व कोपऱ्यांना वायू अडविणारे सील असतात. कोपऱ्याच्या सीलला सरकण्यासाठी खाली सलग धातूचा आधार हवा. द्वार मर्यादेपलीकडे रुंदावले तर सील त्यात कलतो, अडकतो आणि मोडतो. ब्रिज पोर्ट नावाच्या पद्धतीत जादा खाच कोरताना मध्ये धातूची अरुंद पट्टी राखतात, ती याच सीलच्या मार्गासाठी. शिवाय द्वाराच्या भिंतीपलीकडे थंड करणाऱ्या पाण्याची वाट असते. भिंत अधिक कोरली तर पाणी आत शिरते आणि तो भाग निकामी होतो. कोरलेला धातू परत जागेवर बसवता येत नाही. म्हणून जाणता कारागीर आधी साचा ठेवून रेघ आखतो, आणि मगच हत्यार हाती घेतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आतील भिंत चकचकीत केल्याने हवा किती सुलभ वाहील? एक ढोबळ हिशेब करू. द्वारमार्ग १० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर व्यासाचा, आणि हवेचा वेग सेकंदास १०० मीटर मानू. नळीतील घर्षणाच्या परिचित सूत्राने पाहता, वाहत्या हवेच्या गतिजन्य दाबाचा सुमारे ४ शतांश भाग अगदी गुळगुळीत भिंतीत खर्च होतो. भिंतीवर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका खरबरीतपणा असेल, तर सुमारे साडेपाच शतांश. म्हणजे चकाकीचा लाभ दोन शतांशांहूनही कमी! उलट, हीच हवा द्वारातून बाहेर पडून मोकळ्या कप्प्यात पसरते, तेव्हा जवळजवळ सर्वच गतिजन्य दाब वाया जातो. अणकुचीदार वळणे आणखी भर घालतात. तेव्हा खरी कमाई वळण सौम्य करण्यात, पायरी किंवा उंचवटा काढून टाकण्यात आणि आकार योग्य राखण्यात आहे, चकाकीत नव्हे.

यावर कोणी म्हणेल, "गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात म्हणून तो दूर जातो, मग द्वारातही खळगे का नसावेत?" हा दृष्टांत येथे लागू पडत नाही. चेंडू हवेतून जातो, तेव्हा खळग्यांमुळे त्याच्या अंगालगतचा हवेचा थर खळबळतो आणि चेंडूच्या पाठीमागे अधिक दूरपर्यंत चिकटून राहतो. त्यामुळे मागील ओढ कमी होते. द्वारातील हवा भरधाव वेगात आधीच खळबळलेली असते. तिला खळग्यांची गरज नाही.

मग आगमद्वार थोडे खरबरीत का ठेवतात? कारण इंधन हवेबरोबर वाहत असले, तर त्याचे थेंब भिंतीवर साचून पातळ थर बनतो. अगदी गुळगुळीत भिंतीवर हा थर सरळ ओघळतो. किंचित खरबरीत भिंत तो फोडून पुन्हा हवेत मिसळण्यास साह्य करते, असा कारागिरांचा अनुभव आहे. म्हणून साधारणतः ८० क्रमांकाच्या घासपेपरची एकसारखी घासणी पुरेशी समजतात. निर्गमद्वाराची गोष्ट वेगळी. तेथे इंधनाचा थर नाही. तेथे आहे काजळी आणि उष्णता. गुळगुळीत भिंतीवर काजळी कमी धरते, म्हणून हे द्वार घासून चकचकीत करणे योग्य. मात्र त्याच्या कडेशी क्रोमचा पातळ मुलामा असतो. हत्यार उलटे चालविले तर त्याचे टवके उडतात. कडेला हळुवार उतारही द्यावा लागतो, नाहीतर टोकाचा सील तीवर प्रत्येक फेऱ्याला आपटतो.

आणि ज्या सपाट पृष्ठभागावर सील सरकतात, तेथे हौशी माणसाने हात लावूच नये. तेथे तेलाचा अंश धरून ठेवणारी, पण सर्वत्र सारखी अशी घासणी हवी. हत्यार घसरून एक ओरखडा उमटला, तरी दाबलेला वायू त्यातून निसटतो.

पृष्ठभागाचे महत्त्व किती, हे हिरोशिमातील तोयो कोग्यो कंपनीच्या, म्हणजे आजच्या माझदाच्या, इतिहासावरून कळते. केन्इची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली तेथील अभियंते या इंजिनावर काम करीत असता, कवचाच्या आतील भिंतीवर आडव्या लाटांसारख्या खुणा उमटू लागल्या. त्यांस ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. भिंत पुनःपुन्हा घासून हा रोग जाणारा नव्हता. टोकाचा सील थरथरत होता, हेच त्याचे मूळ होते. सीलची घडण बदलली, अॅल्युमिनियम मिसळलेला कार्बन वापरला, तेव्हा १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली. पुढे १९९१ साली फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत चार रोटरांच्या इंजिनाच्या ७८७-बी या माझदा गाडीने जिंकली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी गाडी होय.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला उत्तर असे : दोघेही अंशतः बरोबर, आणि दोघेही चकाकीला तिच्या योग्यतेहून अधिक मान देतात. आधी आकार, मग कड, मग सीलचा मार्ग, आणि सर्वांत शेवटी चकाकी. आपल्या अभ्यासाच्या वह्यांनाही हाच क्रम लावून पाहावा. सुंदर अक्षर अवश्य असावे. परंतु आतील विचाराची वाट वाकडी असेल, तर अक्षराच्या चकाकीने ती सरळ होत नाही.