उभ्या गाडीची फट, धावत्या गाडीची फट

१९६८ च्या शेव्हर्ले कॅमॅरोचं बॉनेट उघडलं की डाव्या बाजूची गर्दी नजरेत भरते. अमेरिकेतली गाडी, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. त्याचा शाफ्ट फायरवॉलमधून बाहेर पडून स्टिअरिंग बॉक्सकडे तिरपा उतरतो आणि त्याच्याच शेजारून व्ही-८ इंजिनाच्या चार एक्झॉस्ट नळ्या खाली वळतात. कारखान्याने तिथे ओतीव लोखंडाचा आटोपशीर मॅनिफोल्ड दिला होता. त्याजागी लांब नळ्यांचा हेडर बसवला की जळलेला वायू मोकळा निघतो, इंजिनाची ताकद वाढते, पण शाफ्टला जागा उरत नाही.

डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात माझ्या कोल्हापूरच्या मित्राने आपल्या गॅरेजमध्ये हे काम काढलं होतं. इंजिन ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं. मी टॉर्च धरून वाकून पाहिलं. नळी आणि शाफ्टच्या कप्लिंगमध्ये चार-एक मिलिमीटरची फट स्पष्ट दिसत होती.

"लागत कुठेय रे? आहे की जागा."

"गाडी उभी आहे म्हणून. आता आत बसून स्टिअरिंग फिरव, सावकाश."

मी फिरवलं, तो खालून बघत राहिला. शाफ्ट गोल असला तरी कप्लिंग गोल नसतं. या गाडीत शाफ्ट आणि स्टिअरिंग बॉक्स यांच्यामध्ये रबर-कापडाची चकती बोल्टने आवळलेली असते. फिरता फिरता एका बोल्टचं डोकं नळीसमोर आलं आणि फट निम्मी झाली.

हा पहिला हिशेब. दुसरा इंजिनाचा. समोरून पाहिलं तर क्रँकशाफ्ट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून इंजिनाचं धूड उलट दिशेला पिळतं. ॲक्सिलरेटर दाबला की ड्रायव्हरच्या बाजूची कड वर उचलली जाते, आणि हेडर तिच्यासोबत. तिला आवरायला माउंटिंगमधलं रबर असतं. त्या काळातली ही माउंटिंग किती बेभरवशाची होती, हे जगजाहीर आहे: रबर तुटून इंजिन उचललं जाई आणि थ्रॉटल उघडी अडकू शके. त्यामुळे १९७१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सला १९६५ ते १९६९ मधल्या सुमारे ६७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यांत कॅमॅरोही होती.

तिसरा हिशेब उष्णतेचा. साध्या पोलादाची साठ सेंटिमीटरची नळी पाचशे अंशांनी तापली तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबते. स्टेनलेस असेल तर पाच. लांबलेली नळी कुठल्या बाजूला झुकेल, हे तिच्या वळणांवर ठरतं. हे तिन्ही एकत्र धरले की चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. भर वेगात वळणावर शाफ्टला नळी घासणं, म्हणजे हातातलं स्टिअरिंग अडखळणं.

मग हलवायचं कुणाला? मित्राने आधी हातोड्याला हात लावला नाही. त्याने माउंटिंग तपासली. डाव्या बाजूचं रबर पत्र्यापासून सुटायला लागलं होतं. दोन्ही नवी घातली आणि बोल्ट आवळण्याआधी भोकांमध्ये जेवढी ढील होती तेवढं इंजिन उजवीकडे रेटलं. जी जागा फुकट मिळते ती आधी घ्यायची.

त्यानंतर रबरी चकतीचं कप्लिंग काढून त्याजागी आटोपशीर युनिव्हर्सल जॉइंट बसवला. चकतीचा घेर गेला, शिवाय उष्णतेने रबर कडक होण्याची भीतीही गेली. इथे शाफ्ट आणि बॉक्स जवळजवळ एका रेषेत असल्याने एक जॉइंट पुरला. शाफ्टची वाटच वळवायची असेल तर दोन लागतात, आणि तिथे खरी मेख आहे. तीस अंशांत वाकलेला एकटा जॉइंट एकसारखा फिरत नाही; एका फेऱ्यात कधी तेरा टक्के मागे रेंगाळतो, कधी पंधरा टक्के पुढे धावतो. दोन्ही जॉइंटचे कोन सारखे ठेवून त्यांचे काटे योग्य जुळवले, तरच एकाची चूक दुसरा खोडतो. तीन जॉइंट झाले तर मधल्या शाफ्टला आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर तो लोंबकळतो.

एवढं करूनही एक नळी शाफ्टच्या अंगाला फार जवळ राहिली. आता नळीचा नंबर. शाफ्टला धक्का लावायचा नाही: १९६७ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने धडकेत आत सरकणारा कॉलम दिला आणि त्या शाफ्टचे दोन भाग प्लॅस्टिकच्या पिनांनी बांधलेले असतात. ठोकलं किंवा तापवलं तर त्या पिना जागच्या जागी निकामी होतात. नळी मात्र ठोकून घेते. हेडर उतरवून, त्याचा फ्लँज जाड पट्टीवर बोल्टने पक्का आवळून, मित्राने खूण केलेली जागा ऑक्सी-ॲसिटिलीनच्या ज्योतीने लालभडक केली. मग तिच्यावर गोल सळई आडवी धरून हातोड्याचे मोजके ठोके. थंड नळी ठोकली तर सुरकुतते, तापलेली सावकाश बसते. चव्वेचाळीस मिलिमीटरच्या नळीत सहा-सात मिलिमीटरचा उथळ, पसरट खळगा पडला तर वायूला फारसा अडथळा होत नाही. धारदार घडी पडली तर होतो. सिरॅमिकचा थर द्यायचा तो यानंतर.

जोडणी झाल्यावर ड्रिलच्या बिटाची मागची गुळगुळीत दांडी फटीत सरकवून बघितली. साडेनऊ मिलिमीटरची दांडी स्टिअरिंगच्या पूर्ण फेऱ्यात कुठेही अडली नाही. तरी मित्राने शाफ्टच्या सगळ्यात जवळच्या भागावर खडू घासला आणि आम्ही चढाच्या रस्त्यावर गाडी चांगली दामटून आणली. खडू पुसला गेला नव्हता. मग त्याने जॉइंटचा सेटस्क्रू आणि त्यावरचा लॉकनट पुन्हा आवळला आणि पहिल्या शंभर मैलांनंतर परत बघायचं म्हणून तशी चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवली. नवं रबर बसतं तेव्हा इंजिन थोडं खाली येतं. त्या दिवशी मोजलेली फट तेव्हा पुन्हा मोजावी लागते.