‘ढ’ म्हणून सोडलेली मुले आणि आपली विहारे

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील वस्त्यांवर काम करताना आम्हाला एक मूल पुन्हा पुन्हा भेटते. गाव वेगळे, घर वेगळे, पण गोष्ट तीच. त्रिसरण-पंचशील त्याला तोंडपाठ असते. 14 एप्रिलला ते बाबासाहेबांवर पाच मिनिटे न अडखळता बोलते. पण सहावी-सातवीत असूनही त्याला चार ओळींचा उतारा वाचता येत नाही. ‘घर’चे ‘धर’ होते, जोडाक्षर आले की गाडी थांबते. शाळेत त्याला ‘ढ’ म्हणतात, घरी ‘आळशी’ म्हणतात. नववीपर्यंत ते शाळेतून गळते आणि टोमॅटोच्या तोडणीला किंवा नारायणगावच्या बाजारात क्रेट उचलायला लागते.

आपल्या समाजातील मुलाच्या बाबतीत या ‘ढ’ला जातीचा वासही असतो. ‘यांच्या घरात अभ्यासाचं वातावरणच नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो. दुसरीकडे आपलेच लोक म्हणतात, ‘हे डिस्लेक्सिया वगैरे शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना होतं.’ 2007 साली ‘तारे जमीन पर’ आपण सगळ्यांनी पाहिला, डोळे पुसले. पण तसे मूल आपल्याच वस्तीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेले असेल, असे फार थोड्यांना वाटले. हा लेख त्या मुलासाठी आणि त्याच्या आईबापांसाठी आहे.

हे नेमके काय आहे?

विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. वाचणे, लिहिणे किंवा गणित करणे यांपैकी एखादी क्रिया मेंदूत वेगळ्या पद्धतीने घडते आणि म्हणून ती अवघड जाते. वाचनातील अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीला डिसग्राफिया आणि गणितातील अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. जगभरातील अभ्यासांनुसार शाळकरी मुलांपैकी 5 ते 15 टक्के मुलांमध्ये यातली कोणती ना कोणती अडचण आढळते. मराठीत ती कशी दिसते? घ-ध, भ-म, ट-ठ यांत गोंधळ, काना-मात्रा गळणे, फळ्यावरून उतरवताना ओळ सुटणे, तोंडी उत्तर बरोबर पण कागद कोरा.

एडीएचडी ही वेगळी स्थिती आहे. यात लक्ष टिकवणे, एका जागी बसणे किंवा मनात आलेले लगेच न करता थांबणे अवघड जाते. ही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असतात आणि शाळा, घर अशा किमान दोन ठिकाणी दिसतात. काही मुले दंगा करत नाहीत, नुसती हरवलेली असतात. मुलींमध्ये असे पुष्कळदा असते आणि त्या ‘शांत आहे’ म्हणून नजरेतून सुटतात. एकाच मुलाला एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही असू शकतात. मूल मोठे झाले म्हणून या गोष्टी आपोआप जात नाहीत. म्हणूनच वस्तीवरच्या पंचविशीतल्या तरुणालाही हे लागू पडते.

मागे पडलेले प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते

हे कार्यकर्त्यांनी पक्के लक्षात ठेवावे. मजुरीसाठी आईबाप गाव बदलतात आणि मुलाची शाळा तुटते. चष्म्याचा नंबर किंवा कमी ऐकू येणे कोणी तपासलेले नसते. आंबेगावच्या पश्चिम भागातील आदिवासी मुलाची घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची भाषा वेगळी असते. कुठे शिकवणेच नीट झालेले नसते. यातले काहीही असेल तर आधी ते दुरुस्त करायला हवे. आपण निदान करायचे नाही, कोणाच्या कपाळावर शिक्का मारायचा नाही. आपले काम ओळखणे, नोंद करणे आणि योग्य माणसापर्यंत पोचवणे एवढेच आहे.

कायदा काय देतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यातील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. म्हणून एडीएचडीच्या मुलाला सोबत अध्ययन अक्षमताही आहे का, याची तपासणी महत्त्वाची ठरते.

या कायद्याचे कलम 16 सांगते की, मुलांमधील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करणे हे शिक्षण संस्थांचे कर्तव्य आहे. म्हणजे ही गुरुजींची मेहेरबानी नाही. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के राखीव जागा आणि सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षणात वाटा मिळतो.

परीक्षेसाठी केंद्र सरकारच्या ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ आणि लेखनिकाची सोय दिली. महाराष्ट्रात तर दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना 1996 पासून सवलती आहेत. इतक्या वर्षांत त्यांचा लाभ प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या मुलांनी घेतला, कारण तिथे माहिती होती आणि तपासणी जवळ होती.

प्रमाणपत्र हातात असूनही हक्क नाकारला जाऊ शकतो. 2021 च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला मुंबईतील केंद्रावर जादा तास दिला गेला नाही. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही, पण तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि तो कसा दूर करता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितले. त्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एका निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, लेखनिकाचा हक्क केवळ 40 टक्क्यांच्या वरच्यांपुरता मर्यादित ठेवता येणार नाही.

साखळी कुठे तुटते?

कागदावर रस्ता सरळ आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. त्यांच्या तपासणीच्या यादीत अध्ययनातील अडचणी आणि एडीएचडी दोन्ही आहेत. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाची माणसे पंचायत समितीच्या शिक्षण विभागाशी जोडलेली असतात. जुन्नरकरांसाठी हे कार्यालय जुन्नरला, आंबेगावकरांसाठी घोडेगावला.

पण पथक येते त्या दिवशी मूल गैरहजर असते. आलेच तर दात, डोळे, वजन यात वेळ संपतो. कोणी चिठ्ठी दिली तरी प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी पुण्याच्या मोठ्या शासकीय रुग्णालयाची फेरी पडते. बुद्ध्यंक चाचणी आणि शैक्षणिक चाचणी एका दिवसात होत नाही. प्रत्येक फेरीला एसटीचे भाडे आणि आईची एका दिवसाची मजुरी जाते. दुसऱ्या फेरीनंतर घरचे थकतात. आमच्या अनुभवात बहुतेक मुले इथेच सुटतात.

वेळेचाही प्रश्न आहे. अध्ययन अक्षमतेची तपासणी साधारण आठ वर्षांनंतर, म्हणजे तिसरीच्या सुमारास होते. आपल्याकडे पालक जागे होतात ते दहावीचा फॉर्म भरताना. तोवर सवलत मिळाली तरी वाचायला शिकण्याची सात वर्षे गेलेली असतात.

चूळपंथकाचे काय झाले?

पाली साहित्यात चूळपंथक नावाच्या भिक्खूची कथा आहे. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक स्वतः भिक्खू होता, विद्वान होता. त्यानेच त्याला संघ सोडून जायला सांगितले. जीवकाने भिक्खूंना भोजनाचे निमंत्रण दिले, त्यातूनही त्याला वगळले. निघालेल्या चूळपंथकाला बुद्ध दारात भेटले. त्यांनी त्याला दुसरी गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ते हाताने चोळत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले, तशी त्याला अनित्यता उमगली. इकडे जीवकाच्या घरी बुद्धांनी चूळपंथकाला बोलावून आणेपर्यंत भोजन स्वीकारले नाही. शेवटी अनुमोदनही त्यालाच करायला सांगितले.

चूळपंथकाला आजचे निदान चिकटवण्याची गरज नाही. बुद्धांनी शिष्य बदलला नाही, शिकवण्याची पद्धत बदलली, आणि मग त्याला संघासमोर मान दिला, एवढे आपल्याला पुरेसे आहे. अट्ठकथेत त्याच्या मंदपणाचे कारण पूर्वजन्मात शोधले आहे. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची ही मांडणी नाकारली. तरीही वस्तीतल्या एखाद्या आईला आजही ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल’ असे ऐकवले जाते. ते ऐकवणारा आपल्यातला असेल तर त्याला तिथेच थांबवावे.

विहारात काय करता येईल?

पहिले, नोंद. गावातील तिसरी ते नववीच्या मुलांपैकी वाचन-लेखनात अडकलेली कोण, हे दोन तरुणांनी घरोघर जाऊन वहीत लिहावे. दृष्टी आणि श्रवण तपासले का, शाळा किती वेळा बदलली, हेही लिहावे. आरोग्य पथक कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारावे आणि त्या दिवशी ती मुले हजर राहतील असे पाहावे.

दुसरे, पालकांचा लेखी अर्ज. ‘आमच्या मुलाची अध्ययन अक्षमतेसाठी तपासणी व्हावी’ असा साधा अर्ज मुख्याध्यापकांना द्यावा, प्रत गट शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी, पोच घ्यावी. तोंडी बोलणे विसरले जाते.

तिसरे, फेरीचा खर्च. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढली तर काही मुलांच्या पुण्याच्या फेऱ्या सहज होतात. सोबत एक कार्यकर्ता गेला तर आईला खिडक्या शोधत फिरावे लागत नाही. शिवाय ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. प्रमाणित अध्ययन अक्षम मूल त्यात येते. ग्रामसभेत हा विषय मांडावा. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. एकत्र येऊन शिकणाऱ्याची सोय करणे हे या मातीला नवीन नाही.

चौथे, शिकवणे. आठवड्यातून दोनदा, एका मुलामागे एक वाचन-सोबती, अर्धा तास. अक्षर वाळूत बोटाने गिरवणे, मोठ्याने उच्चारणे, शब्द तोडून जोडणे, एका वेळी एकच जोडाक्षर. एडीएचडी असलेल्या मुलाला दहा मिनिटांचे छोटे काम, मग उठून फिरण्याची मुभा. औषधाचा निर्णय फक्त डॉक्टरांचा. पालकांना आधी कोणाशी बोलायचे असेल तर टेलिमानसचा 14416 हा शासकीय क्रमांक मोफत आहे.

पाचवे, वर्षावासातील ग्रंथवाचन. प्रत्येकाने आळीपाळीने वाचलेच पाहिजे, हा हट्ट सोडावा. ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकावे आणि स्वतःच्या शब्दांत सांगावे. लिपीबद्ध होण्याआधी त्रिपिटक कित्येक पिढ्या ऐकून आणि पाठ करूनच टिकले. विद्वानाला आपण आजही ‘बहुश्रुत’ म्हणतो, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा.

सहावे, शाळा सुटलेल्यांना विसरू नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून सोयीचे विषय निवडून, टप्प्याटप्प्याने, पाच वर्षांच्या मुदतीत दहावी पूर्ण करता येते. बाजारात क्रेट उचलणाऱ्या आपल्या मित्राला हे कोणी सांगितले आहे का?

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश पाठ होणाऱ्यांपुरता नव्हता. या वर्षावासात आपल्या विहारात मागे कोण बसते ते पाहा, आणि पौर्णिमेच्या आत त्या एका मुलाच्या घरी जाऊन या. सुरुवात तिथून करू.

जय भीम! नमो बुद्धाय!