नऊ गुणांची कसोटी

निवृत्तीची पुंजी हाती आलेले आमचे कामगार बंधू हल्ली शेअरबाजाराचे विचारतात. 'भाऊ, संगणक या कंपनीला नऊपैकी आठ गुण देतो, पैसे घालू का?' हे गुण येतात कोठून, ते आधी पाहू.

शिकागो विद्यापीठातील जोसेफ पिओट्रोस्की यांनी २००० साली एका निबंधात ही कसोटी मांडली. नफा झाला काय, धंद्यातून रोकड आली काय, ती रोकड नफ्याहून अधिक काय, मालमत्तेच्या मानाने नफा आणि विक्री वाढली काय, ढोबळ नफ्याचे प्रमाण सुधारले काय, दीर्घ मुदतीच्या कर्जाचे प्रमाण घटले काय, चालू देणी भागविण्याची ऐपत वाढली काय, नवे शेअर न काढता भागले काय? होकाराला एक, नकाराला शून्य. सॉफ्टवेअरमध्ये हेच प्रश्न सूत्ररूपाने लिहायचे, की यंत्र हजारो कंपन्यांना ते विचारीत सुटते.

रोकडीचा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा. माल उधारीवर गेला तरी वहीत नफा चढतो. पगार मात्र रोकडीतूनच होतो. नफा फुगलेला आणि पगार लांबलेला, असे कारखाने आम्ही पाहिले आहेत.

मात्र ही कसोटी सरसकट साऱ्या शेअरांसाठी नव्हती. पुस्तकी किमतीच्या मानाने बाजारभाव फार उतरलेल्या कंपन्यांतून धडधाकट निवडण्यासाठी ती होती. हे बहुतेकांना कोणी सांगत नाही.

खरी गोम पुढेच आहे. सूत्र मागील वर्षांवर चालवून पाहतात. ३१ मार्चचे वार्षिक आकडे कंपन्या मेअखेरपर्यंत जाहीर करतात. ते १ एप्रिललाच ठाऊक होते असे धरले, तर कागदावर कोणालाही न मिळालेला फायदा दिसतो. याहून मोठी फसगत यादीत असते. आज चालू असलेल्याच कंपन्या घेतल्या, तर बुडालेल्या हिशेबातून गळतात. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या कित्येक गिरण्या बंद पडल्या. तगलेल्यांचेच आकडे मांडून कापडधंदा सुरक्षित ठरविला, तर गिरणगावातले पोरही हसेल! म्हणून बंद पडलेल्या कंपन्यांची नावे, त्या बंद पडण्यापूर्वीच्या आकड्यांसह, यादीत हवीतच.

शिवाय दलाली आणि २००४ पासून लागू झालेला शेअरव्यवहारावरचा कर प्रत्येक सौद्यामागे वजा करावा. दरमहा खरेदीविक्री करविणाऱ्या सूत्रात ही वजावट बरीच भरते.