परसात कोणता पेरू लावाल?

अंगात रक्त कमी असलेल्या भगिनींना मी लोहाच्या गोळ्यांबरोबर पेरूही खायला सांगतो. पेरूत संत्र्याच्या तिपटीहून अधिक ‘क’ जीवनसत्त्व असते. त्यामुळे भाजी-डाळीतील लोह अंगी लागते.

परसात जागा असेल तर एक झाड अवश्य लावा. पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९२७ साली निवडलेला ‘सरदार’ पांढऱ्या गराचा, गोड व भरपूर फळणारा. ‘ललित’चा गर गुलाबी. बियांचे झाड मूळ झाडाच्या गुणाचे निघेलच असे नाही, म्हणून कलमच घ्यावे.

पेरू धुऊन, सालीसकट, जेवणाबरोबर खावा. त्यावर लगेच चहा नको. मधुमेहींनी रस न पिता बेताने फळच खावे. आणि पेरू सुरू केला म्हणून गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत.