आपेगावचा पखवाज, अंबाजोगाईचा नोव्हेंबर

बीड जिल्ह्याच्या बातम्या ऊसतोड आणि पाणीटंचाईवर संपतात, पण अंबाजोगाई तालुक्यातलं आपेगाव पखवाजाचं गाव आहे. (ज्ञानेश्वरांचं आपेगाव वेगळं, ते पैठणजवळचं.) इथले शंकरबापू आपेगावकर पद्मश्री झाले. वारकरी भजनाच्या साथीतला पखवाज त्यांनी शास्त्रीय मैफलीत दिमाखात वाजवला. पुत्र उद्धवबापूंनी ती परंपरा पुढे नेली.

नव्या पोरांचा श्रीगणेशा ओल्या कणकेपासून होतो. डाव्या तोंडाला ती थापायची, एक थाप मारून ऐकायचं; नाद हलका वाटला तर आणखी थोडी. मग चौताल. बारा मात्रा आधी हातावर टाळी देत तोंडाने म्हणायच्या, बोट चामड्याला नंतर. वादन संपलं की कणीक खरवडून काढायची. या कामाचा कंटाळा करणाऱ्याचा पखवाज फार दिवस सुरात राहत नाही!

शिकलेलं ऐकवायचं कुठे? गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत. आणि कान तयार करायला अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह आहेच. भगवानराव लोमटे यांनी रुजवलेला हा सोहळा यशवंतरावांच्या पुण्यतिथीला, २५ नोव्हेंबरला सुरू होतो. तीन दिवसांत कविसंमेलन, शेतकरी परिषद आणि शास्त्रीय संगीत, सगळं एकाच मांडवात.